कॅन्यनिंगसाठी वेटसूट: कुणाकडे मागायचा, कसा पारखायचा, कसा परत करायचा

कॅन्यनिंग म्हणजे ओढ्याच्या घळीतून चालत, पोहत आणि दोराने धबधबे उतरत जाणं. दहा जणांचा गट, एकच दोर, माणसामागे आठ मिनिटं. पहिला गडी खाली पोचला की शेवटचा उतरेपर्यंत त्याला बहात्तर मिनिटं धबधब्याच्या तुषारात उभं राहावं लागतं. दोरावर असताना थंडी कुणालाच वाजत नाही, वाजते ती या उभ्या वेळात. वेटसूट म्हणजे निओप्रीन या रबराचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख. तो शोधताना बहुतेक जण पाणी किती गार आहे एवढंच विचारतात. ते विचारायचंच, पण त्याच्या जोडीला ‘ओल्या अंगाने उभं किती वेळ राहायचंय’ हेही नेणाऱ्याला विचारून घ्या. सूट किती जाड हवा, अंगभर हवा की अर्धा, की मुळात नकोच, हे या दोन उत्तरांवरून ठरतं.

सूट ऊब कशी देतो

सूट आणि अंग यांच्यामध्ये अडकलेलं पाणी तापतं आणि तेच ऊब देतं, असा समज सर्रास आहे. खरी ऊब निओप्रीनच्या रबरात कोंडलेल्या वायूच्या लाखो बुडबुड्यांची असते. आत शिरलेलं पाणी तापवायला तुमच्याच अंगाची उष्णता खर्च होते, त्यामुळे ते जितकं कमी तितकं बरं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने नेमकं हेच हेरलं: ऊब कापडातच असेल तर अंग कोरडं ठेवायचा खटाटोप लागत नाही. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणून सैल सूट फारसा कामाचा नसतो. प्रत्येक उडीबरोबर गार पाणी आत येतं, तापलेलं बाहेर जातं आणि अंग पुन्हा नव्याने पाणी तापवत बसतं.

बुडबुडे दबले की ऊबही गेली. दहा वर्षं वापरलेला ५ मिमीचा सूट हाताला ५ मिमीचा लागेलच असं नाही. उसना सूट घेताना ही गोष्ट सगळ्यात जास्त आड येते. तिच्याकडे पुढे येऊच.

आधी ठरवा: सूट लागतोय का?

भिवपुरी, बेकरे किंवा कसाऱ्याजवळचं विहीगाव इथलं पावसाळी वॉटरफॉल रॅपलिंग (दोराने धबधबा उतरणं) म्हणजे एकच मोठा उतार आणि त्याआधी-नंतर दमट हवेतली चढण. जुलै-ऑगस्टमध्ये त्या ओढ्यांचं पाणी साधारण विशीच्या पुढच्या अंशांत असतं. इथे अंगभर ५ मिमीचा सूट चढवून चिखलातून वर निघालात तर थंडीच्या आधी उकाड्याने आडवे व्हाल, कारण निओप्रीनमधून घाम बाहेर पडायला वाट नसते. अशा ठिकाणी २ मिमीचं बिनबाह्यांचं निओप्रीन जॅकेट किंवा आखूड हातापायांचा ‘शॉर्टी’, वरून पातळ विंडचीटर आणि खाली चटकन वाळणारी पँट एवढं पुष्कळ होतं. तुषारात उभं असताना त्या विंडचीटरची किंमत कळते, कारण ओल्या अंगावरून वारा गेला की गारठा दुप्पट लागतो. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवा, दोन्ही पाणी धरून ठेवतात.

हिवाळ्यातली सांधण वेगळी. साम्रदजवळची ही घळ इतकी अरुंद आहे की तळाशी ऊन जेमतेम पोचतं. पाऊस संपल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत डोहांचं पाणी कंबरेच्या वरही असतं आणि सकाळी ते बोचतं. पण एकूण वाट दगडाधोंड्यांवरून उड्या मारत जायची आहे, पाण्यात थोडाच वेळ जातो. त्यामुळे ३ मिमीचे निओप्रीन मोजे आणि ३ मिमीची अर्धी किंवा पूर्ण पँट न्या, डोह संपला की उतरवून ठेवा. सबंध सूट पाठीवर वाहून नेणं फुकटची हमाली आहे.

अंगभर सूट लागतो तो खऱ्या कॅन्यनमध्ये, म्हणजे चार-पाच तास पाण्यातूनच चालणं, पोहणं, घसरणं आणि एकामागून एक उतार असतील तिथे. नेपाळ, हिमालयातले ओढे किंवा आल्प्सची सहल असेल तर बहुतेक ठिकाणी आयोजकच सूट देतात. तिथे तुमचं काम योग्य माप कळवण्याचं आणि मिळालेला सूट पारखण्याचं.

अशा कॅन्यनसाठी जाडीचा अंदाज असा धरा. पाणी २४ अंशांच्या वर असेल तर शॉर्टी किंवा नुसतं जॅकेट. १८ ते २४ अंशांना ३ मिमीचा पूर्ण सूट. १२ ते १८ला ५ मिमी आणि डोक्याला निओप्रीन टोपी. त्याहून गार असेल तर दोन भागांचा ५ मिमीचा सूट: खाली खांद्यापर्यंत येणारी बिनबाह्यांची डांगरी, वर जॅकेट, म्हणजे छाती-पोटावर १० मिमी. सोबत टोपी, मोजे, हातमोजे. लेबलवर ‘५/४’ असे आकडे दिसले तर पहिला धडाचा, दुसरा हातापायांचा. आता यात उभ्या वेळाचा हिशोब मिळवा. गट आठांपेक्षा मोठा, घळीत वारा, ऊन नाही किंवा तुम्ही अंगाने काटकुळे, यातल्या दोन गोष्टी जुळल्या की एक पायरी वर जा. चौघांचा चपळ गट असेल तर एक पायरी खाली चालेल.

मुंबईत कुणाकडे मागायचा

कॅन्यनिंगसाठीच बनवलेला सूट मुंबईत क्वचित सापडतो. त्याची ओळख सोपी: बुडावर, गुडघ्यांवर, कोपरांवर जाड, खरखरीत कापडाचे पॅच आणि बहुधा पुढून चेन. गिर्यारोहण संस्थांमध्ये युरोपात कॅन्यनिंग करून आलेलं कुणीतरी असतं, आधी तिथे विचारा.

दुसरा दरवाजा स्कूबावाल्यांचा. तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमानला डायव्हिंगला जाणाऱ्या मंडळींकडे ३ मिमीचे पूर्ण सूट असतात आणि कॅन्यनिंगला ते बऱ्यापैकी चालतात. दोन्ही बाजूंना कापड असतं, गुडघ्याला पॅच असतो. उणीव बुडाची. कातळावरून घसरताना तिथलं कापड दोन-तीन फेऱ्यांत उसवतं. त्यावर उपाय वरून जुनी जाड शॉर्ट्स चढवण्याचा. कार्गोची किंवा नायलॉनची चालेल, मात्र घसरत्या चेनची आणि लोंबत्या नाड्यांची नको. हार्नेससोबत (दोराला अडकवायच्या कंबर-मांड्यांच्या पट्ट्यासोबत) येणारं पीव्हीसीचं बूडरक्षक मिळालं तर त्याहून उत्तम.

सर्फिंगचा सूट मऊ आणि हालचालीला मोकळा असतो, पण त्याचं बाहेरचं कापड नाजूक. एखाद्या दिवसाच्या, कमी घसरगुंडीच्या ओढ्याला ठीक. ट्रायथलॉनचा सूट कुणी प्रेमाने देऊ केला तरी हात जोडा. त्याचा बाहेरचा भाग उघड्या, गुळगुळीत रबराचा असतो. नख लागलं तरी चिरतो, मग बेसॉल्टसमोर त्याची काय कथा. आणि त्याची किंमत भरून देताना मैत्री टिकत नाही. धरमतर ते गेटवे पोहणाऱ्यांकडे सूट असेल या आशेवरही राहू नका; इथल्या कोमट समुद्रात त्यांना त्याची गरजच पडत नाही.

मागताना ‘सूट आहे का’ एवढंच विचारू नका. जाडी किती, माप कोणतं, कुठल्या खेळाचा, किती जुना, चेन पुढे की मागे, कुठे शिवलाय का, हे सहा प्रश्न पाठवा आणि बुड, गुडघे, मान, चेन यांचे फोटो मागवा. स्वतःचं मापही त्याच निरोपात द्या: उंची, वजन, छाती, कंबर, नितंब. टेप अंगालगत धरा, आवळू नका. छाती श्वास सोडलेल्या अवस्थेत मोजा आणि कंबर बेंबीच्या रेषेत, जीन्सच्या पट्ट्याच्या रेषेत नव्हे. पँटचा नंबर सांगून मागवलेला सूट पोटावर हमखास अडतो. बायकांनी बायकांचाच सूट शोधावा. पुरुषी कापाचा सूट नितंबांवर ताणतो आणि कंबरेत पोकळ राहतो. त्या पोकळीतून पाणी खेळत राहतं.

हातात आल्यावर पाच मिनिटांची तपासणी

बुडाजवळचं आणि खांद्याजवळचं निओप्रीन चिमटीत घट्ट दाबून सोडा. चांगलं असेल तर लगेच फुगून पूर्ववत होतं. खळगा तसाच राहिला किंवा पापडासारखं कडक लागलं तर बुडबुडे मेले आहेत. तो सूट लेबलवरच्या आकड्यापेक्षा एक-दीड मिमी पातळ समजून चाला. मग आतबाहेर करून ट्यूबलाइटसमोर धरा आणि काख, जांघ, गुडघ्यामागची शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. उजेडाचे ठिपके दिसले म्हणजे पाणी शिरणार. चेन चार-पाच वेळा वरखाली करा, तळाशी जिथे ती सुरू होते तिथले दात खास पाहा, बिघाड तिथूनच होतो. जड चालत असेल तर मेणबत्ती घासा, खोबरेल लावू नका, त्यावर रेती बसते. मानेचा वेल्क्रो धरतोय का बघा.

ही तपासणी सूट देणाऱ्याच्या समोर करा आणि आधीपासूनच्या प्रत्येक चिरेचा फोटो काढून त्याला तिथल्या तिथे पाठवा. यात संकोच कसला? परत करताना ‘ही चीर तुझ्याकडे पडली’ हे वाक्य दोघांनाही टळतं.

घालून पाहणे

घामेजल्या अंगावर निओप्रीन चढत नाही आणि मुंबईत अंग घामेजलेलंच असतं. अंघोळ करून, कोरडं पुसून, पंखा मोठा करून बसा. आत फक्त घट्ट चड्डी किंवा पातळ लायक्रा. अंगठ्या, घड्याळ, कडं काढा, नखं कापा.

१. पायाला दुधाची किंवा पावाची प्लास्टिक पिशवी घालून पाय आत सरकवा, पाऊल बाहेर आलं की पिशवी काढा. हातांनाही तेच.

२. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग मांड्या, थोडं थोडं वर घ्या. ओढताना बोटांची पेरं वापरा. नखाने धरलं की चंद्रकोरीसारखी चीर पडते, उसन्या सुटांवर सगळ्यात जास्त दिसते ती हीच.

३. जांघेपाशी कापड अंगाला पूर्ण भिडल्याशिवाय वरचा भाग ओढू नका. इथे दोन बोटांची जागा उरली तर खांद्यावर ओढ येते, मग माणूस ‘सूट लहान पडतोय’ म्हणतो. बहुतेकदा तो नीट चढलेला नसतो.

४. बाह्या चढवा, खांदे मागे घ्या. मागची चेन असेल तर दुसऱ्याला लावू द्या आणि आतली पट्टी चेनमध्ये अडकत नाही हे पाहायला सांगा.

आता दहा मिनिटं घालूनच ठेवा. पूर्ण उकिडवे बसा. एक गुडघा छातीपर्यंत उचला, कातळावर उंच पाय टाकायचाय असं समजून. दोन्ही हात वर करा. मग रॅपलिंगच्या पवित्र्यात उभे राहा: एक हात समोर, ब्रेकचा, म्हणजे दोर आवळून उतरणं रोखणारा, हात मागे कंबरेखाली. काखेत ओढ बसून हात थरथरत असेल तर तो सूट घेऊ नका, दोरावर तोच हात तुम्हाला धरून ठेवणार आहे. पाच दीर्घ श्वास घ्या. छाती किंचित आवळल्यासारखी वाटणं साहजिक आहे, श्वास अर्ध्यावर अडणं चालणार नाही.

मानेकडे सगळ्यात कडक नजर ठेवा. एक बोट सहज गेलं पाहिजे, दोन गेली तर पाणी शिरेल. मान फार घट्ट असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब येऊन गरगरतं, आणि ते कळतं नेमकं धबधब्याच्या माथ्यावर. पाठीच्या खोलगट भागात, काखेत, पोटावर चिमूट घेऊन बघा. अंगापासून मूठभर सुटणारं कापड म्हणजे माप मोठं. निओप्रीन भिजल्यावर थोडं सैलावतं, तेव्हा कोरड्यात ‘एकदम आरामात’ बसणारा सूट सोडून द्या. पाय चार बोटं लांब असतील तर आत एक घडी घाला. गुडघ्यामागे मात्र चुणी राहू देऊ नका, तासाभरात तिथलं कातडं सोलतं. उसना सूट कापून आखूड करायचा विचारही मनात आणू नका.

काहींना निओप्रीनच्या आतल्या बाजूने पुरळ उठतं. रबर बनवताना वापरलेल्या थायोयुरियाच्या संयुगांची ती ॲलर्जी असू शकते. आत पूर्ण बाह्यांचा पातळ लायक्रा घालावा, आणि तरीही उठलं तर निओप्रीन सोडावं.

हे झालं की हार्नेस आणि बूट चढवून पाहा, बरेच जण हे विसरतात. ५ मिमीचा सूट कंबरेला आणि मांड्यांना चांगलीच जाडी देतो. पट्टा बकलातून परत फिरवून शेपटी चार बोटं उरली पाहिजे. दोन भागांच्या सुटावर हा प्रश्न हटकून येतो. ३ मिमीच्या मोज्यांवर नेहमीचे बूट अर्धा ते एक नंबर लहान पडतात. बोटं आवळलेल्या बुटात पाय आधी गार पडतो, मग बधिर.

ओढ्यावर

सूट घालून चढायचं नाही. पाठीवर न्यायचा, पाण्याजवळ घालायचा. चढण मधे आलीच तर चेन उघडून कंबरेपर्यंत सोडायचा आणि बाह्या कंबरेला बांधायच्या. कोरडा ३ मिमीचा सूट दीड-दोन किलोचा, ओला झाला की परतीला तो बराच जड होतो. कसारा किंवा कर्जत लोकलच्या गर्दीत ओला सूट नेण्यासाठी तोंड गुंडाळून बंद होणारी ड्रायबॅग किंवा दोन जाड कचऱ्याच्या पिशव्या न्या. शेजारच्याच्या पँटवर पाणी ठिबकलं की काय ऐकावं लागतं ते माहीतच आहे.

निओप्रीन तरंगतं, म्हणून लाइफ जॅकेट नको असं ज्याला वाटतं त्याला धबधब्याखालचा फेसाळ डोह दाखवा. फेसात हवा मिसळलेली असल्याने त्यात तरंगणं अवघड जातं. आणि लोंढ्यापुढे कुठलाच सूट पुरत नाही. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या ओढ्यात, वर झालेल्या पावसाने अचानक आलेल्या लोंढ्यात कॅन्यनिंगच्या सहलीवरचे २१ जण गेले. सह्याद्रीतले ओढेही असेच तासाभरात फुगतात. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला की उतरणं थांबवून कडेला उंचावर जायचं. काही धबधब्यांवर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदी घालतं, तेही निघण्याआधी पाहून घ्या.

उभं असताना साथीदाराला दर पंधरा मिनिटांनी अंगठा करंगळीला लावायला सांगा. जमत नसेल तर त्याला कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) लॉकही फिरवता येणार नाही, त्याला एकट्याने दोरावर पाठवू नका. अडखळतं बोलणं आणि थरथर अचानक थांबणं याहून वाईट. वाऱ्यातून हलवा, ओलं काढून कोरडं चढवा, शुद्धीत असेल तर गोड चहा द्या, आणि मदत बोलवा.

घरी आल्यावर

त्याच रात्री धुवा. टबात किंवा मोठ्या बादलीत साधं पाणी, त्यात टोपणभर शाम्पू, पंधरा-वीस मिनिटं बुडवा, आतबाहेर करून पुन्हा. चेनच्या दातांतली रेती जुन्या टूथब्रशने काढा. गरम पाणी, ब्लीच, वॉशिंग मशीन, पिळणं, इस्त्री यातलं काहीही नको. सुटात लघवी झालीच असेल, बहुतेकांची होते, तर आतली बाजू दोनदा धुवा. मालकाला नाकाने सगळं कळतं.

मुंबईच्या पावसाळ्यात वाळवणं हे धुण्यापेक्षा मोठं काम. तारेच्या हँगरवर खांद्याने टांगला तर ओल्या वजनाने खांदे ताणतात. जाड दांड्यावर कंबरेतून अर्धा घडी घालून टाका, आतली बाजू बाहेर, समोर पंखा. दुसऱ्या दिवशी उलटा करा. दोन-तीन दिवस लागतात. गच्चीतलं कडक ऊन आणि बंद गाडीची डिकी निओप्रीनला कडक करतात. काखेत आणि जांघेत हात घालून पाहिल्याशिवाय वाळला म्हणू नका, बुरशीचा वास तिथूनच सुरू होतो.

चीर पडली असेल तर लपवू नका, पण मालकाला विचारल्याशिवाय दुरुस्तही करू नका. काहींना स्वतःच्या पद्धतीने करायची असते. त्याने होकार दिला तर सूट पूर्ण वाळल्यावर चिरेच्या दोन्ही कडांना निओप्रीन सिमेंटचा पातळ थर लावा, पाच-दहा मिनिटं सुकू द्या, दुसरा थर लावा, तोही बोटाला चिकटेनासा झाला की कडा नेमक्या समोरासमोर आणून घट्ट दाबा. पहिल्या दाबाला कडा चुकल्या तर पुन्हा सुटत नाहीत, म्हणून एका टोकापासून दुसऱ्याकडे हळूहळू जा. चोवीस तास ताण देऊ नका. झटपट चिकटणारा सुपरग्लू कडक होतो आणि शेजारीच नवी चीर पाडतो. दुरुस्तीची जागा फोटोत गोल करून मालकाला आधी पाठवा, मग सूट घेऊन जा.